राजाचें सोंवळें

घरांतील वडीलधारें माणूस वारलें कीं घर सुतकांत जावयाचें, हा नियम झोपडीला तसाच राजवाड्यालाही लागू. मनुस्मृतीनें वर्णपरत्वें सुतकाचे दिवसही मोजून ठेवले आहेत : ब्राह्मणाला दहा, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा आणि शूद्राला एक महिना. या हिशोबानें पित्याच्या मृत्यूनंतर गादीवर आलेल्या राजानें बारा दिवस कोणत्याही धर्मकृत्याला हात लावतां कामा नये. पण प्राचीनांच्या दृष्टीनें न्यायदान हेंही धर्मकृत्यच होतें, आणि ज्या आसनावर बसून तें करावयाचें त्याचें नांवच मुळीं धर्मासन. मग बारा दिवस सीमेवरील शत्रूनें थांबावें काय? चोरांनीं थांबावें काय? आणि खोट्या आरोपावरून बंदींत पडलेल्या माणसानें राजाचें सुतक फिटेपर्यंत तसेंच पडून राहावें काय?

हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना पडला होता, आणि त्याचीं जीं उत्तरें त्यांनीं दिलीं तीं एकापुढें एक ठेवून पाहिलीं म्हणजे राजा या संस्थेविषयींची प्राचीन कल्पना कशी घडत गेली, याचा चांगला उलगडा होतो. उपलब्ध धर्मसूत्रांत गौतमाचें सूत्र फार जुनें मानतात. त्याचें उत्तर अगदीं रोखठोक आहे : राजाला सुतक नाहीं, कारण त्याच्या कामांत खोळंबा होईल. येथें देवाचें नांव नाहीं, तेजाची भाषा नाहीं. काम अडतें एवढेंच कारण. विष्णुस्मृतीनें त्यांत एक मर्यादा घातली. राजाला सुतक नाहीं खरें, पण तें राजकर्मापुरतें. मनुस्मृतींत येईपर्यंत मात्र या साध्या व्यवहाराला मोठें भरजरी वस्त्र चढलेलें दिसतें. राजा इंद्राच्या आसनावर बसलेला असतो. सोम, अग्नि, सूर्य, वायु, इंद्र, कुबेर, वरुण आणि यम या आठ लोकपालांच्या अंशांनीं त्याचें शरीर बनलेलें असतें. मर्त्यांचें शौच आणि अशौच ज्या लोकपालांपासून उत्पन्न होतें, त्यांचेंच अधिष्ठान असलेल्या देहाला विटाळ कोठून लागणार, असा मनूचा युक्तिवाद आहे.

तरी मनूलाही मूळ कारणाचा विसर पडलेला नाहीं. राजाची ही तात्काळ शुद्धि प्रजेच्या रक्षणासाठीं आहे आणि तिचें कारण तें आसन आहे, असें त्यानेंच सांगितलें आहे. या एका शब्दांत पुष्कळ अर्थ सांठवलेला आहे. शुद्धि राजाच्या रक्तांत नाहीं. ती आसनांत आहे. जो आसनावरून उतरला, ज्याचें राज्य गेलें, त्याला इतर क्षत्रियांप्रमाणें बारा दिवस सुतक पाळणें भागच होतें. एवढेंच नव्हे, तर राजाला ज्याच्यावांचून चालणार नाहीं अशा माणसालाही राजाच्या इच्छेनें सुतकांतून सूट मिळे. आठ लोकपालांचा अंश अमात्याच्या किंवा पुरोहिताच्या अंगांत नसतो, हें उघड आहे. तेव्हां भरजरी वस्त्राच्या आंत गौतमाचें तें साधें कारणच शेवटपर्यंत जिवंत होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हें शुद्ध शरीर तयार कसें होत असे, तें वैदिक राजसूयाच्या वर्णनावरून कळतें. शतपथब्राह्मणाच्या पांचव्या कांडांत हा विधि इतक्या बारकाईनें दिलेला आहे कीं वाचणाराच्या डोळ्यांपुढें यज्ञमंडप उभा राहतो. अभिषेकासाठीं सतरा प्रकारचीं जलें लागत. सरस्वतीचें पाणी, प्रवाहाबरोबर वाहणारें पाणी, प्रवाहाच्या उलट फिरणारें पाणी, समुद्राचें, भोंवऱ्याचें, विहिरीचें, ऊन असतांना पडलेल्या पावसाचें, दंवाचें; आणि यांच्या जोडीला मध, दूध, तूप, इतकेंच काय पण विणाऱ्या गाईच्या गर्भाशयांतील उदकही. हीं जलें चार लांकडी पात्रांत भरून चौघांनीं राजावर शिंपावयाचीं. पळसाच्या पात्रानें ब्राह्मणानें, उंबराच्या पात्रानें राजाच्या भाऊबंदानें, वडाच्या पात्रानें मित्र असलेल्या राजन्यानें आणि पिंपळाच्या पात्रानें वैश्यानें. तत्पूर्वीं राजाला जीं वस्त्रें नेसवीत त्यांचा अर्थ ब्राह्मणकारानेंच फोडून सांगितला आहे. एक वस्त्र म्हणजे गर्भावरील वेष्टन, दुसरें म्हणजे गर्भाशय, आणि पागोटें म्हणजे नाळ. म्हणजे जुना माणूस मंडपांत शिरला आणि त्याच्या जागीं दुसराच कोणी जन्माला आला, अशी या विधीची भावना होती.

पण याच विधींत एक प्रसंग असा येतो कीं तो वाचून आजचा वाचक थबकतो. अभिषेक झालेल्या, सिंहासनावर बसलेल्या त्या नव्या राजाच्या पाठीवर अध्वर्यु आणि त्याचे सहकारी यज्ञीय वृक्षाच्या काठ्यांनीं गुपचुप मारीत. एक मंत्र नाहीं, एक शब्द नाहीं. केवळ काठीचा मार. शतपथाच्या मतें या मारानें राजा दंडाच्या पलीकडे जातो. पुढें त्याला कोणीही दंड करूं शकत नाहीं. अर्थ उघड आहे. जो उद्यां दुसऱ्याला दंड करणार, त्यानें एकदां तो आपल्या पाठीवर घेतला पाहिजे. त्याच प्रसंगीं लोकांना उद्देशून हा तुमचा राजा अशी घोषणा होई आणि तिला लागूनच ब्राह्मण सांगत कीं आमचा राजा मात्र सोम. पुरोहितांचा वर्ग स्वतःला राजाच्या करकक्षेबाहेर ठेवण्याची दक्षता अभिषेकाच्या ऐन मुहूर्तावरही घेत होता, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाहीं.

अभिषेकानंतरही राजाचा देह मोकळा राहत नसे. वर्षभर त्यानें केस कापावयाचे नाहींत, कारण अभिषेकजलाचें वीर्य केसांत उतरलेलें असतें. वर्ष संपल्यावर केशवपनीय नांवाचा स्वतंत्र विधि. आणि राजसूय केलेल्या राजानें आयुष्यभर अनवाणी पायानें जमिनीवर उभें राहावयाचें नाहीं. आसनावरून उतरावयाचें तें थेट पादत्राणांत. ज्याला भूपति म्हणावयाचें, त्यालाच भूमीचा स्पर्श वर्ज्य!

सोंवळ्याची ही मालिका फार दूरवर पोंचली. वैदिक राजसूय मागें पडला, त्याच्या जागीं पौराणिक राज्याभिषेक आला, परंतु सिंहासनापूर्वीं शुद्धि ही अट टिकून राहिली. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर शिवछत्रपतींना अभिषेक झाला. त्याच्या आधीं ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीला त्यांची मुंज लागली, आणि त्यानंतर आपल्या राण्यांशीं त्यांनीं समंत्रक विवाह पुन्हां लावला. पराक्रमानें मिळविलेलें राज्य हातीं होतेंच. गागाभट्टांच्या शास्त्राला मात्र संस्कारांची पूर्तता हवी होती. एवढ्यानेंही सर्वांचें समाधान झालें नाहीं, आणि त्याच वर्षाच्या आश्विनांत निश्चलपुरी गोसाव्याच्या हातून तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेक करावा लागला.

येथवर पाहिली ती नाण्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं ज्या मनुस्मृतीनें राजाचा देह लोकपालांच्या अंशांनीं घडविला, त्याच मनुस्मृतीनें राजाला खाटकाच्या पंक्तीला बसविलें आहे. दान कोणाचें घेऊं नये हें स्नातकाला सांगतांना मनूनें एक विलक्षण श्रेढी मांडली आहे. दहा खाटीकखान्यांच्या बरोबरीचा एक तेल्याचा घाणा, दहा घाण्यांच्या बरोबरीचा एक मद्याचा गुत्ता, दहा गुत्त्यांच्या बरोबरीचा एक वेश्यागृहाचा धंदा, आणि अशा दहा धंद्यांच्या बरोबरीचा एक राजा. गणित केलें तर एक राजा म्हणजे दहा हजार खाटीकखाने. राजाचें अन्न खाल्लें तर तेज नष्ट होतें, असेंही त्याच अध्यायांत सांगितलें आहे. टीकाकारांनीं ही भाषा अन्यायी, शास्त्र सोडून वागणाऱ्या राजापुरती आहे अशी सोडवणूक केली. मूळ वचनांच्या संदर्भांत तसा आधारही आहे. तथापि या श्रेढीचा कठोरपणा टीकेनें पुसला जात नाहीं. ब्राह्मणवर्गाचें पोषण मुख्यतः ज्यांच्या दानावर चाले, त्या राजांविषयीं हें लिहिलेलें आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांतील धैर्याची कल्पना येते. आणि घेणाऱ्याच्या मनांतली बोचही दिसते.

राजा इतका मलिन कां? कारण दुसऱ्यांचा मळ त्याच्याकडे वाहत येतो. प्रजेच्या धान्याचा सहावा हिस्सा तो घेतो, तसाच प्रजेच्या पुण्याचाही सहावा हिस्सा त्याला मिळतो. पण रक्षण केलें नाहीं तर पापाचाही सहावा हिस्सा त्याच्याच पदरीं पडतो. कर घेऊन रक्षण न करणारा राजा म्हणजे सगळ्या लोकांचा मळ गोळा करणारा, असें मनूनें नांव घेऊन म्हटलें आहे. न्यायसभेंत खोटा निकाल झाला तर त्या पापाचे चार भाग होतात. एक अपराध करणाराकडे जातो, एक साक्षीदाराकडे, एक सभासदांकडे, आणि चौथा राजाकडे. राजाला सुतकाचा विटाळ नाहीं, परंतु निकालाचा विटाळ आहे.

या विटाळाला पाणी आणि माती चालत नाहीं, पैसा लागतो. एखाद्याच्या घरीं चोरी झाली तर माल शोधून मालकाला परत करावा, आणि तो सांपडला नाहीं तर राजानें आपल्या कोशांतून भरपाई करावी, असें गौतम सांगतो. ज्या अपराधाला सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याच अपराधाला राजाला एक हजार, असा मनूचा निर्बंध आहे. पण राजाला दंड करणार कोण? त्याला तर अभिषेकाच्या दिवशींच काठीचा मार देऊन अदंड्य केलेलें! शास्त्रकारांनीं येथें वरुणाला पुढें केलें. राजांचा दंडधर वरुण. म्हणून राजानें आपला दंड पाण्यांत टाकावा किंवा विद्वान् ब्राह्मणाला द्यावा. कौटिल्याचा आंकडा तर नेमका आहे. निरपराध माणसाला दंड केला तर त्या दंडाच्या तीसपट रक्कम वरुणासाठीं पाण्यांत अर्पण करावी आणि नंतर ती ब्राह्मणांना वांटावी. त्यानें चुकीच्या दंडाचें पाप धुतलें जातें. याज्ञवल्क्यही हीच तीसपट सांगतो. या तरतुदींत एक उणीव आहे, आणि ती झांकण्याचें कारण नाहीं. ज्याला अन्यायानें दंड झाला त्याचें समाधान हा या विधीचा विषयच नाहीं. तीसपट रक्कम पाण्याकडे आणि पुरोहितांकडे जाते. विधीचा हेतु राजाला शुद्ध करणें हा होता. तरी चूक केली तर राजालाही मोजावें लागतें, हें तत्त्व दरबारांत उच्चारलें जात होतें, याचें मोल कमी नाहीं.

१९०९ साली शामशास्त्री यांनीं म्हैसूरहून कौटिल्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां या विषयाला आणखी एक पैलू मिळाला. कौटिल्याच्या राजवाड्यांतही सोंवळें आहे, पण त्याला विषाचा वास येतो. राजाच्या सेवेला येणाऱ्या स्त्रियांनीं अंग चोळून स्नान केलेलें असावें आणि वस्त्रें बदललेलीं असावीं. राजाचें अन्न आधीं अग्नीला आणि पक्ष्यांना घालावें. हा बलिही आहे आणि परीक्षाही. कारण अन्नांत विष असेल तर ज्वाळा निळी होते आणि पक्षी मरतो. देवधर्म कोठें संपतो आणि पहारा कोठें सुरू होतो, हें येथें सांगणें कठीण.

त्याहून महत्त्वाचें म्हणजे कौटिल्यानें शौच हा शब्दच दुसऱ्या अर्थानें वापरला आहे. अमात्यांचें शौच कसें पारखावें यावर त्याचें एक प्रकरण आहे, आणि त्यांत स्नानाचा उल्लेख नाहीं. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार आमिषांनीं अमात्याची गुप्तपणें परीक्षा घ्यावी. धर्माच्या कसोटीला उतरेल त्याला न्यायाच्या कामावर नेमावें, पैशाच्या कसोटीला उतरेल त्याला कोशावर. चारही कसोट्यांना उतरेल तो मंत्री. आणि एकीलाही न उतरणारा खाणींत, अरण्यांत, कारखान्यांत पाठवून द्यावा. मनुस्मृतीही शौचाचे प्रकार सांगतां सांगतां एके ठिकाणीं थांबते आणि पैशाच्या व्यवहारांतलें शौच सर्वांत श्रेष्ठ, माती-पाण्याचें शौच तें खरें शौच नव्हे, असा निर्वाळा देते. घरोघरीं सोंवळ्याचे नियम ज्या ग्रंथावरून सांगितले गेले, त्या ग्रंथांतलें हें वचन मात्र फारसें ऐकूं येत नाहीं, हें नवलच.

राजाला विटाळ लागला म्हणजे काय होत असे, याची एक कथा शांतिपर्वांत भीष्म युधिष्ठिराला सांगतो. परिक्षिताचा पुत्र जनमेजय याच्या हातून नकळत ब्रह्महत्या घडली. हा जनमेजय सर्पसत्र करणाराच कीं त्याच्या आधींचा, याविषयीं मतभेद आहेत. पण त्याच्या अश्वमेधाची आठवण शतपथब्राह्मणांतही आहे, तेव्हां कथा जुनी खरी. ब्राह्मणांनीं आणि पुरोहितांनीं राजाला टाकलें. तो रात्रंदिवस जळत अरण्यांत निघून गेला, तप करूं लागला आणि ज्याला त्याला शुद्धीचा मार्ग विचारीत हिंडूं लागला. शेवटीं त्यानें इंद्रोत शौनकाचे पाय धरले. इंद्रोत मागें सरकला. आम्हांला शिवूं नको, तुझ्या अंगाला रक्ताची घाण येते, तूं प्रेतासारखा दिसतोस, जिवंत असून मेलेला आहेस, अशा शब्दांत त्यानें राजाची निर्भर्त्सना केली. आठ लोकपालांच्या अंशांनीं बनलेल्या देहाला रक्ताची घाण! जनमेजयानें एकाही शब्दाला विरोध केला नाहीं. त्यानें प्रत्येक दूषण मान्य केलें आणि तसाच पायांशीं राहिला. पुष्कळ वेळानें ऋषीचें मन द्रवलें. पण यज्ञ मांडण्याआधीं त्यानें राजाकडून वचन घेतलें कीं पुन्हां ब्राह्मणाला दुखविणार नाहीं. नंतर अश्वमेध झाला आणि राजा पूर्णचंद्र आकाशांत यावा तसा आपल्या राज्यांत परतला. अश्वमेध हा या कथेचा शेवट; तिचा गाभा तें वचन आणि राजाचें निमूट ऐकून घेणें, हाच आहे. युधिष्ठिराच्या हातून झालेला संहार ताजा असतांना भीष्मानें ही कथा कां निवडली, हें वेगळें सांगावयास नको.

ग्रंथांतलें हें सारें प्रत्यक्षांत किती उतरलें? याचें उत्तर शिलालेख आणि ताम्रपट देतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटांतील सातवाहन राणीचा लेख सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांत अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांची लांबलचक यादी आहे. आणि त्याच लेखांत ती राणी महिना महिना उपोषण करणारी, घरांत राहून तापसीसारखें वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी अशी वर्णिलेली आहे. यज्ञाच्या खर्चाशेजारीं उपवासाची नोंद करावी असें लेख खोदविणाराला वाटलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें वाकाटकांच्या पहिल्या प्रवरसेनानें चार अश्वमेध केले. राष्ट्रकूट दंतिदुर्गानें आठव्या शतकांत उज्जयिनीला हिरण्यगर्भ नांवाचें महादान केलें. यांत सोन्याच्या मोठ्या पात्रांत राजानें गुडघ्यांत डोकें घालून गर्भासारखें बसावयाचें, पुरोहितांनीं त्यावर गर्भाधानापासूनचे संस्कार करावयाचे, आणि बाहेर काढल्यावर नवजात बालकाप्रमाणें जातकर्म करावयाचें. सोन्याचा तो गर्भ मग पुरोहितांत वांटला जाई. राजसूयांतील वस्त्रांच्या गर्भाचा हा सोन्याचा अवतार. मूळ विधींतला काठीचा मार मात्र येथें गळालेला आहे. संपत्ति वाढली कीं प्रायश्चित्तांतलें दुःख कमी होतें आणि सोनें वाढतें, असा हा क्रम दिसतो.

त्याच घराण्यांत, दंतिदुर्गानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, याच्या अगदीं उलट असा एक प्रसंग घडल्याची नोंद आहे. मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष हा ८१४ च्या सुमारास बालवयांत गादीवर आला आणि त्यानें साठांहून अधिक वर्षें राज्य केलें. जैन आचार्य जिनसेनाविषयीं त्याची भक्ति होती. शके ७९३, म्हणजे इ. स. ८७१, या वर्षींचा त्याचा संजाणचा ताम्रपट दे. रा. भांडारकरांनीं प्रसिद्ध केला आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं लोकांवर एक मोठें अरिष्ट कोसळलें असतां तें शांत व्हावें म्हणून या राजानें आपल्या डाव्या हाताचें बोट तोडून महालक्ष्मीला अर्पण केलें. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असें बहुतेक अभ्यासक मानतात. ताम्रपटाच्या कवीनें जीमूतवाहन, शिबि आणि दधीचि यांचीं नांवें घेऊन आपल्या राजाला त्यांच्या वर चढविलें आहे. दरबारी कवीकडून याहून वेगळी अपेक्षा नसते. परंतु अतिशयोक्तीचा हा भाग वजा केला तरी हकीकत उरते. अरिष्ट कोणतें होतें, दुष्काळ कीं रोग, तें ताम्रपटांत नाहीं. धर्मशास्त्राप्रमाणें अंगहीन माणूस यज्ञकर्माला कमी योग्य. तरीही जैन गुरूच्या या शिष्यानें, हिरण्यगर्भाचा मार्ग घराण्यांत मोकळा असतांना, सोन्याऐवजीं बोट दिलें. पुढें त्यानें राज्य सोडून दिलें असें एका जुन्या नीतिपर प्रश्नोत्तरमालेच्या शेवटीं म्हटलें आहे, आणि ती त्याचीच कृति समजली जाते. बोट तोडल्यानंतरही कांहीं काळ तो त्याच सिंहासनावर बसून, त्याच हातानें दानपत्रें देत होता. संजाणचा पट त्यांपैकींच एक.